इस्रोत ४५ दिवस बिनपगारी जाऊ, की पुण्यातली पगारी इंटर्नशिप घेऊ?

पत्र असं आलंय:

"मॅडम, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यातच. सहाव्या सेमची परीक्षा संपली की मला तिरुवनंतपुरमच्या व्हीएसएससीत, म्हणजे इस्रोच्या थुंब्याच्या सेंटरला, ४५ दिवसांचं स्टुडंट प्रोजेक्ट मिळालंय, जून-जुलैमध्ये. लेटर हातात आहे. पण स्टायपेंड नाही आणि राहायचं-जेवायचं आपलं आपण बघायचं. त्याच दोन महिन्यांसाठी पुण्यातली एक कंपनी महिना पंधरा हजार देतेय. आमची आंब्याची बाग आहे, यंदा पीक कमी आलं, बाबा म्हणतात पैसे मिळतात तिकडे जा. एक सीनिअर म्हणाला तिथे कोणी काही शिकवत नाही, कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसवतात आणि शेवटी सर्टिफिकेट हातात देतात. मोबाईलपण आत नेऊ देत नाहीत. मला मल्याळम येत नाही. हे केलं तर पुढे इस्रोत नोकरी लागायला मदत होते का? आणि माझा भाऊ आठवीत आहे, त्याच्यासाठी इस्रोचं काही असतं का? - गोंधळलेली"

अगं, आधी उत्तर सांगते, कारणं मग. जा. थुंब्याला जा.

फक्त एक गोष्ट आधी घरी बसून स्पष्ट विचारून घे, की यंदा पीक कमी आलं म्हणजे नेमकं किती ओढाताण आहे. तुझ्या त्या तीस हजारांवर घरातला एखादा हप्ता किंवा भावाची फी अवलंबून असेल तर पुण्याला जा आणि मनात काहीही न ठेवता जा, त्यात कमीपणा नाही. पण तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, मला वाटलं की बाबांना एवढंच कळत नाहीये की पोरगी पदरचे पैसे घालून दीड महिना परक्या गावात राहून येणार आणि त्यातून मिळणार काय. ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर तुला नीट देता आलं पाहिजे.

नोकरीचं आधी मिटवते. नाही, मदत होत नाही. प्रोजेक्ट केलं म्हणून भरतीत एक मार्कसुद्धा जास्त मिळत नाही. इस्रोची इंजिनिअरची भरती आयसीआरबी, म्हणजे इस्रोचं केंद्रीय भरती मंडळ, करतं, तिची जाहिरात वेगळी निघते, बीई/बीटेकला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागतो, पुढे लेखी परीक्षा किंवा गेट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, जे त्या जाहिरातीत असेल ते, आणि मग इंटरव्ह्यू. याशिवाय त्यांचं स्वतःचं कॉलेज आहे, तिरुवनंतपुरमलाच, आयआयएसटी, तिथली काही मुलं थेट घेतली जातात, पण तो रस्ता बारावीनंतरचा, तुझ्यासाठी आता बंद. तेव्हा हे प्रोजेक्ट म्हणजे इस्रोचं मागचं दार आहे असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. बाबांनाही तसं सांगून परवानगी मिळवू नकोस, दोन वर्षांनी ते विचारतील की काय झालं त्या नोकरीचं, तेव्हा तुझ्याकडे उत्तर नसेल.

मग जायचं कशाला, तर एक गोष्ट शिकायला जी आपल्या कॉलेजात शिकवता येत नाही. मी बरीच वर्षं मशीन डिझाइन शिकवलं, आता रिटायर्ड आहे, माझ्याकडची मुलं थुंब्याला, इस्रोच्याच अहमदाबादच्या सॅक या सेंटरला, श्रीहरिकोट्याला जाऊन आलीत, त्यामुळे हे खात्रीने सांगते. आपल्याकडे गणित सुटलं, उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं की काम संपतं. तिथे उत्तर आल्यावर काम सुरू होतं. तू आकडा काढलास की समोरचा माणूस विचारतो कुठून आणला, कोणती गृहीतं धरली, दुसऱ्या पद्धतीने काढून बघितला का, टेस्टमध्ये काय आलं, टेस्ट आणि हिशेब यात फरक का आला. आणि हे विचारणारा माणूस तुझ्यावर चिडलेला नसतो, तो तेच स्वतःच्या साहेबालाही विचारतो आणि त्याचा साहेब त्याला विचारतो. रिव्ह्यू म्हणतात त्याला. या रिव्ह्यूमध्ये एकदा जरी बसायला मिळालं तरी तुझं ड्रॉइंगकडे बघणं बदलेल. सगळ्यांना मिळत नाही बसायला, पण तुझ्याच कामाचा छोटा रिव्ह्यू तुझे गाईड नक्की घेऊ शकतात, तो मागून घे.

हे इतकं का तपासतात ते कळायला दोन उदाहरणं जायच्या आधी वाचून जा. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही हे नवीन छोटं रॉकेट पहिल्यांदा उडालं. सगळे टप्पे नीट चालले पण दुसरा टप्पा सुटताना अगदी क्षणभर कंपन अपेक्षेपेक्षा जास्त झालं, ॲक्सेलरोमीटर, म्हणजे प्रवेग मोजणारे सेन्सर, तेवढ्या वेळापुरते सॅच्युरेट झाले, म्हणजे मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेले, आणि रॉकेटवरच्या कॉम्प्युटरने ठरवलं की सेन्सरच बिघडले. सेन्सर बिघडले नव्हते. पण त्या निर्णयामुळे रॉकेट पर्यायी मार्गाने गेलं आणि ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह एका बाजूने ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या कक्षेत गेले, म्हणजे वातावरणात, संपलंच. मग त्यांनी काय केलं, कारण शोधलं, ते लोकांसमोर मांडलं, दुरुस्ती केली, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला तेच रॉकेट यशस्वी झालं. त्या बिघाडाचा खुलासा इस्रोने स्वतः जाहीर केलेला आहे, तो शोधून वाच, एका बैठकीत वाचून होतो आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पूर्ण समजतो.

दुसरं तुझ्या विषयाच्या जास्त जवळचं. २८ जानेवारी १९८६, अमेरिकेचं चॅलेंजर. सात माणसं गेली, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत. कारण होतं सॉलिड बूस्टरच्या दोन तुकड्यांमधला जॉइंट, त्यातली रबराची ओ-रिंग त्या दिवशीच्या थंडीत कडक झाली आणि गरम वायू बाहेर आला. आता हे का सांगतेय, तर तुला प्रोजेक्ट म्हणून जे मिळेल ते बहुतेक असंच काहीतरी असणार आहे. एखादा बोल्टेड फ्लँज जॉइंट, एखादं ब्रॅकेट, कंपोझिटच्या एका पॅनलचं बकलिंग, एखाद्या व्हॉल्व्हच्या बॉडीतला स्ट्रेस. लेटरमधलं प्रोजेक्टचं नाव वाचून तुझा हिरमोड झाला असेल किंवा होईल, कारण डोक्यात असतं रॉकेट आणि हातात येतो बोल्ट. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट ४४ मीटर उंच आहे, वजन ३२० टन, त्याच्या पहिल्या टप्प्याची मोटर २.८ मीटर व्यासाची, पाच सेगमेंट एकमेकांना जोडून केलेली, त्यात १३९ टन घन इंधन. हे सगळं एकत्र धरून ठेवतात ते जॉइंट. तेव्हा जॉइंट मिळाला तर खूश हो, मनापासून सांगते, मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला शिकायला त्याहून चांगलं काही नाही.

आता सीनिअरचं. तो खोटं बोलत नाहीये. काही मुलांना खरंच कोपऱ्यात बसवून ठेवलं जातं. मी त्या मुलांना परत आल्यावर बसवून विचारलंय की काय झालं, आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, गाईड स्वतःच्या कामात बुडालेले असतात, एखादं उड्डाण जवळ आलेलं असतं, आणि विद्यार्थी वाट बघत बसतो की मला कोणीतरी बोलावून शिकवेल. तिथे वर्ग भरत नाही. गाईडचं काम तुला शिकवणं नसून रॉकेट उडवणं आहे, त्यातून वेळ काढून ते तुला घेतात, तोही पगाराशिवाय जास्तीचा ताप. म्हणून पहिल्या आठवड्यातच तू एक छोटा, नेमका प्रश्न पकडायचास आणि तो लिहून त्यांच्यापुढे ठेवायचास. "मला क्रायोजेनिक इंजिनबद्दल शिकायचंय" असं म्हणालीस तर ते हसून लायब्ररीत पाठवतील. "या जॉइंटमध्ये बोल्टचा प्रीलोड कमी-जास्त झाला तर फ्लँज कधी उघडतो हे मी हाताने आणि एफईएमने, दोन्ही काढून बघू का" (प्रीलोड म्हणजे बोल्ट आवळताना दिलेला ताण, एफईएम म्हणजे भागाचे छोटे तुकडे पाडून कॉम्प्युटरवर केलेला हिशेब) असं म्हणालीस तर त्यांना दहा मिनिटं काढावीशी वाटतील. दर शुक्रवारी एक पान लिहून दे, काय केलं, कुठे अडलंय, पुढे काय करणार. एकच पान. न मागता दे. माझ्या पाहण्यात ज्यांनी हे केलं त्यांचे गाईड पुढे त्यांना टेस्ट बघायला घेऊन गेले.

तयारी म्हणशील तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पुन्हा काढ, पहिल्यापासून, आणि हाताने गणितं सोडव. सॉफ्टवेअर नंतर. व्हीएसएससीचं स्वतःचं एक स्ट्रक्चरल ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर आहे, फीस्ट नावाचं, त्याची विद्यार्थ्यांसाठीही आवृत्ती आहे, मे महिन्यात घरी बसून त्यावर एक साधा कँटिलिव्हर (एका टोकाला पक्का धरलेला बीम) करून बघ आणि हाताच्या उत्तराशी जुळव. एवढं करून गेलीस तरी पहिल्या दिवशी बोलायला विषय असेल. जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवरची मापं आणि त्यात चालणारा फरक दाखवायची चिन्हं, येत नसेल तर तेही बघ, ड्रॉइंग वाचता न येणं तिथे फार नडतं आणि आपल्या कॉलेजांत ते धड शिकवलं जात नाही, हे मी शिकवणाऱ्यांपैकीच एक म्हणून सांगतेय.

मोबाईलचं खरं आहे. मोबाईल, पेनड्राइव्ह, कॅमेरा सगळं गेटवर. आईला आधीच सांगून ठेव की सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी घरी घबराट होईल. तुझा रिपोर्टसुद्धा तपासून मगच बाहेर नेऊ देतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी लिहायला बसू नकोस, परवानगीला वेळ लागतो, सबमिशनच्या तारखेआधी आठवडा तरी हाताशी ठेव. आत काय बघितलं त्याचे तपशील इन्स्टावर टाकायचे नाहीत आणि मित्रांनाही सांगायचे नाहीत, ही शिस्त पाळ. कॉलेजचं बोनाफाईड, विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र, फोटो, आणि लेटरमध्ये जे जे लिहिलंय ते सगळं ओरिजिनल आणि दोन-दोन झेरॉक्स. एका कागदासाठी गेटवर अडून राहिलेली मुलं मी बघितलीत, परक्या गावात पहिल्याच दिवशी रडकुंडीला येतात.

राहण्याचं एवढं घाबरू नकोस. कळक्कूट्टमला टेक्नोपार्क आहे, तिथे आयटीत काम करणाऱ्या मुलींची पीजी भरपूर आहेत आणि थुंबा तिथून जवळ पडतं. एकटी जाऊन शोधू नकोस, त्याच काळात प्रोजेक्टला येणाऱ्या दुसऱ्या मुली शोध, दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर खर्च निम्म्यावर येतो. आत सगळं इंग्रजीत चालतं, देशभरातले लोक आहेत. बाहेर बसमध्ये, दुकानात थोडं अडेल, चेची-चेट्टा (ताई-दादा) म्हणून हाक मारलीस की लोक मदत करतात. जेवणाचं तर तुला सोपं जाईल, उकड्या तांदळाचा भात, नारळ, मासे, कोकणातल्या माणसाला त्यात परकं काय आहे. घाटावरच्या मुलांना पहिले आठ दिवस जड जातात. गाडीचं म्हणशील तर नेत्रावती रत्नागिरीवरून थेट तिरुवनंतपुरमला जाते, पण जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि दरडीमुळे गाड्या रखडतात तेही तुला माहितीये, म्हणून जॉइन व्हायच्या किमान दोन दिवस आधी पोच. तिकीट आजच काढ.

एकदा वेळ काढून थुंब्याचं चर्च बघून ये, सेंट मेरी मॅग्डालेन. आता तिथे स्पेस म्युझियम आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जातं, त्याच्यावर साधारण ११० किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो, तो रॉकेट सोडून तपासायचा होता, म्हणून हे कोळ्यांचं गाव निवडलं गेलं. गावकऱ्यांनी आणि बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी चर्च आणि जमीन दिली, चर्चमध्ये ऑफिस आणि वर्कशॉप झालं, रॉकेटचे भाग सायकलवरून नेले (बैलगाडीवरचा जो फोटो सगळे पाठवत असतात तो थुंब्याचा नाही, तो १९८१ च्या ॲपल उपग्रहाचा) आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं, नायके-अपाची, तेही अमेरिकेने दिलेलं. ते उडवणारी माणसं कोण होती, तर विशी-तिशीतली पोरं, जी त्याच वर्षी नासाच्या गोडार्ड आणि वॉलॉप्समध्ये काही महिने शिकून आली होती. अब्दुल कलाम त्यांच्यात होते हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही त्यांच्यात होते, आणि हेच काळे पुढे व्हीएसएससीचे डायरेक्टर झाले, हे आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांच्या आधी वसंत गोवारीकर होते त्या खुर्चीत, १९७९ ते १९८५, घन इंधनाचं मोठं काम त्यांचं. म्हणजे तू ज्या गेटमधून आत जाणार आहेस ती सगळी जागाच बाहेर शिकायला गेलेल्या तरुण मुलांनी परत येऊन उभी केलेली आहे. तू काही अनोळखी ठिकाणी पाहुणी म्हणून जात नाहीयेस.

आता हा पुढचा भाग बाबांना वाचायला दे.

दादा, तुमची काळजी मला समजते, मुलगी एवढ्या लांब आणि वर खर्च. पण पुण्यातल्या कंपनीसारखी इंटर्नशिप तिला पुढच्या वर्षीही मिळू शकते, कंपन्या बऱ्याच आहेत. थुंब्याला जागा थोड्या असतात, गाईड उपलब्ध असावा लागतो, एकदा नाही म्हटलं तर पुन्हा मिळेलच असं नाही. आणि हे शिकलेलं फक्त इस्रोतच उपयोगी पडतं असंही नाही. पीएसएलव्हीच्या मोटरची केसिंग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात, रॉकेटच्या विकास नावाच्या इंजिनचं काम विक्रोळीच्या गोदरेजमध्ये होतं, एल अँड टीने पवईला मोठ्या बूस्टरचे भाग केलेत. २०२० नंतर सरकारने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांनाही उघडलं, हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ ला स्वतःचं रॉकेट सोडलंसुद्धा. अशा ठिकाणी इंटरव्ह्यूला "टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एवढाच का ठेवला" असं विचारलं की ज्याने ते प्रत्यक्ष कुणाकडून तरी खरडपट्टी खात शिकलंय तो उत्तर देतो. सर्टिफिकेटला तिथे कोणी विचारत नाही. खर्चाचं म्हणाल तर कॉलेजमध्ये एकदा चौकशी करा, काही ठिकाणी अशा प्रोजेक्टसाठी मदतीचा फंड असतो आणि मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि जमलं तर पहिल्यांदा सोडायला तुम्ही स्वतः जा. खोली बघा, गेटपर्यंत जाऊन या, मनाला बरं वाटेल.

पुण्याच्या कंपनीला आजच नम्रपणे कळव, ताटकळत ठेवू नकोस, त्यांना दुसरं कोणीतरी घेता येईल. डिसेंबरमध्ये पुन्हा विचारते असंही लिही, चांगल्या भाषेत नकार दिलेला लोकांना लक्षात राहतो.

भावाचं. युविका नावाचा कार्यक्रम आहे इस्रोचा, २०१९ पासून, नववीतल्या मुलांसाठी. मे महिन्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या सेंटरवर नेऊन ठेवतात, राहणं-जेवण-प्रवास सगळा खर्च त्यांचा. निवड आठवीच्या मार्कांवर, एका ऑनलाइन क्विझवर, आणि विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काऊट-एनसीसी वगैरे जे केलं असेल त्यावर होते, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना वेगळं वेटेज आहे, ते तुमच्या गावच्या शाळेला लागू होईल. म्हणजे यंदाचे आठवीचे मार्क महत्त्वाचे, आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याने भाग घेऊन सर्टिफिकेट जपून ठेवायला हवं, जिल्ह्यापर्यंत गेला तर उत्तमच. पुढच्या वर्षी तो नववीत गेला की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इस्रोच्या वेबसाईटवर लक्ष ठेवा, फॉर्म थोडेच दिवस उघडा असतो. तो भरताना सायन्सच्या सरांना सोबत घ्या, शाळेकडून सही-शिक्क्याचे कागद लागतात आणि ऐनवेळी मुख्याध्यापक रजेवर असतात.